जुन्या संगणकावरील आउटलुकचे संपर्क आणि कॅलेंडर नव्या संगणकावर नेताना मराठी-कन्नड नावे कशी वाचवावीत?

निपाणीकर

नमस्कार. माझे निपाणीत कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. अशिलांपैकी निम्मे निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी या भागातले आणि उरलेले कागल, गडहिंग्लज, चंदगड बाजूचे आहेत. जुन्या संगणकावर विंडोज ७ आणि आउटलुक २०१० असून त्यात सुमारे १८०० संपर्क आहेत. मराठी अशिलांची नावे देवनागरीत, सरकारी कार्यालयांतील कर्मचाऱ्यांची बरीचशी नावे माझ्या सहायकाने कन्नड लिपीत आणि बाकीची रोमन अक्षरांत लिहिलेली आहेत. प्रत्येक संपर्काला २९ किंवा २७ अशी वर्गवारी लावलेली आहे, कारण जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून अशील कर्नाटकातला की महाराष्ट्रातला हे ठरते आणि आमचे निम्मे काम त्यावरच अवलंबून असते.

कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेच्या पुनरावर्ती नोंदी आहेत (टीडीएसचा भरणा, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी). त्याशिवाय सुनावण्यांच्या तारखा आहेत आणि त्यांच्या आत आम्ही लिहून ठेवलेली टिपणे आहेत. ईमेल खाते आमच्या स्वतःच्या डोमेनचे असून पीओपी पद्धतीने, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, चालते.

आता विंडोज ११ चा नवा संगणक घेतला आहे. दुकानातून आलेल्या तंत्रज्ञाने संपर्कांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) करून दिली. ती उघडली तर देवनागरी आणि कन्नड अशा सर्व नावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसतात, फक्त रोमन नावे शाबूत आहेत. सहायकाच्या फोनमधल्या संपर्कांचीही त्याने व्हीसीएफ फाइल (फोनमधील संपर्क बाहेर काढण्याची फाइल) काढली, तीत नावांऐवजी बरोबरची चिन्हे आणि आकडे यांची लांबलचक माळ आहे. ‘मराठी येणार नाही, नावे इंग्रजीत पुन्हा टाइप करून घ्या’, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? आणि कॅलेंडरचे काय करावे? जुना संगणक अजून चालू स्थितीत आहे, पण किती दिवस साथ देईल याचा भरवसा नाही.

शहापूरकर

एवढा खटाटोप कशाला करता? सगळे संपर्क गूगलच्या खात्यात चढवा, कॅलेंडरही तिकडेच न्या, म्हणजे संगणक कोणताही असला तरी ब्राउझर उघडला की सर्व समोर येते. मी आमच्या दुकानाचे सर्व व्यवहार असेच ठेवले आहेत आणि संगणक बदलला तेव्हा एकही फाइल हलवावी लागली नाही.

वडगावचा वाटाड्या

निपाणीकर साहेब, तंत्रज्ञाचे म्हणणे चुकीचे आहे. शहापूरकरांचा सल्ला पुढच्या टप्प्यासाठी चांगला आहे, पण गूगलमध्ये चढवायलाही आधी धड फाइल हातात हवी, आणि आपल्याकडे सध्या नेमकी तीच नाही.

प्रश्नचिन्हे का आली ते आधी सांगतो, कारण ते कळले की पुढचे निर्णय सोपे होतात. जुने आउटलुक सीएसव्ही फाइल लिहिताना युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धती) वापरत नाही, विंडोजचे जे जुने संकेतपृष्ठ (ठरावीक भाषांच्या अक्षरांचा तक्ता) त्या संगणकावर ठरवलेले असेल ते वापरते. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते पश्चिम युरोपीय भाषांचे असते. देवनागरीसाठी किंवा कन्नडसाठी तसले संकेतपृष्ठ विंडोजमध्ये कधी नव्हतेच, या लिप्या फक्त युनिकोडमधून चालतात. त्यामुळे लिहिताना ज्या अक्षराला त्या पृष्ठात जागा सापडत नाही, तेथे प्रश्नचिन्ह टाकून आउटलुक पुढे जाते. याचा परिणाम असा की त्या सीएसव्हीत मूळ अक्षर उरलेलेच नाही आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने ते परत आणता येणार नाही. ती फाइल टाकून द्या आणि नव्या संगणकावर चुकूनही आयात करू नका.

याउलट कधी कधी नावांच्या जागी ‘ए’वर तिरकी रेघ, विचित्र चलनचिन्हे असा कचरा दिसतो. तो पाहून माणूस जास्त घाबरतो, पण तेव्हा फाइल सहसा चांगली असते आणि ती वाचणाऱ्या एक्सेलने चुकीचे संकेतन धरलेले असते. युनिकोडमधली सीएसव्ही दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे हमखास होते. ती लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून सुरुवातीच्या खिडकीत यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याचे प्रचलित रूप) निवडले की नावे जागेवर येतात.

आपला मूळ विदा (डेटा) मात्र पूर्ण सुरक्षित आहे. पीओपी खाते असल्यामुळे आउटलुक २०१० आपले संपर्क, कॅलेंडर आणि मेल एकाच पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या स्वतःच्या डेटा फाइलमध्ये, ठेवते आणि ती साधारणपणे डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. आउटलुक २००३ पासून पीएसटीचे स्वरूप युनिकोड आहे, म्हणून तीत देवनागरी आणि कन्नड दोन्ही जशीच्या तशी राहतात. फाइल त्याहून जुन्या काळात तयार होऊन पुढे ओढत आणलेली असेल तरच अडचण. ते तपासायला खाते सेटिंग्जमधल्या ‘डेटा फाइल्स’च्या यादीतून त्या फाइलचा तपशील उघडा, तेथे स्वरूप लिहिलेले असते.

माझ्या मते आपण सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नये. त्या पद्धतीत संपर्काचा छायाचित्रासह बराच तपशील गळतो आणि कॅलेंडरच्या बाबतीत तर ती निरुपयोगीच आहे, कारण ‘दर महिन्याच्या २० तारखेला’ हा नियम तीत टिकत नाही. त्याऐवजी सुट्या सुट्या तारखांची रांग तयार होते आणि ती जेथे संपते तेथे तुमची आठवणही संपते.

करायचे ते असे. जुन्या संगणकावर आउटलुक २०१० मध्ये फाइल, मग ओपन, मग इम्पोर्ट या क्रमाने जा (२०१३ पासून पुढच्या आवृत्त्यांत याच जागेचे नाव ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’ आहे). तेथे ‘फाइलमध्ये निर्यात’ निवडून प्रकार ‘आउटलुक डेटा फाइल’ असा ठेवा. हा मार्गदर्शक (विझार्ड) एका वेळी एकच फोल्डर आणि त्याचे उपफोल्डर घेतो, म्हणून संपर्कांसाठी एक आणि कॅलेंडरसाठी एक अशा दोन वेगळ्या फाइली करा आणि ‘उपफोल्डर समाविष्ट करा’ या चौकटीवर खूण आहे ना, ते पाहा. शेवटी संकेतशब्द विचारला जाईल, तो रिकामा ठेवला तरी चालतो. अशिलांची माहिती असल्यामुळे ठेवावासा वाटला तर कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, कारण विसरलात तर फाइल उघडणे कठीण होईल.

संपर्क निर्यात करताना ‘सजेस्टेड कॉन्टॅक्ट्स’ नावाचा एक फोल्डर दिसेल. तो फक्त २०१० च्या आवृत्तीत होता आणि ज्या ज्या पत्त्यावर तुम्ही कधी मेल पाठवली असेल ते सर्व पत्ते न विचारता त्यात साठत गेले असतील. त्यातले कामाचे थोडे निवडून मुख्य फोल्डरमध्ये ओढा आणि बाकी मागेच राहू द्या.

पूर्ण मेलही न्यायची असेल तर आउटलुक बंद करून मूळ पीएसटीच उचलणे सोपे पडते. मात्र पेनड्राइव्ह एफएटी३२ स्वरूपाचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर उतरणार नाही, पेनड्राइव्हवर जागा मोकळी असली तरीही. तेव्हा पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस स्वरूपात करून घ्या. नव्या संगणकावरही फाइल आधी डिस्कवर उतरवा आणि मगच उघडा, पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका.

आता खरी मेख. विंडोज ११ बरोबर जे आउटलुक आपोआप येते ते ‘नवे आउटलुक’ आहे आणि त्यातली पीएसटीची सोय अर्धवट आहे, म्हणून संपर्क व कॅलेंडर नेण्यासाठी मी तरी त्यावर विसंबणार नाही. शिवाय त्यात मायक्रोसॉफ्टबाहेरचे खाते जोडले की मेल मायक्रोसॉफ्टच्या मेघसाठ्यातून फिरते आणि ते आपल्या अशिलांना मान्य आहे का, हा विचार आपणच करायचा आहे. आपल्याला लागेल ते ‘क्लासिक’, म्हणजे पूर्वीपासूनचे, आउटलुक. ते मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीत मिळते, तसेच एकरकमी घेतलेल्या ‘होम अँड बिझनेस २०२४’ मध्येही असते. नुसत्या ‘होम २०२४’ मध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि वननोट येतात, आउटलुक येत नाही. दुकानदाराने यांपैकी काय दिले आहे ते बिलावर पाहा.

क्लासिक आउटलुकमध्ये आधी खाते जोडा, मग आयात करा. ‘दुहेरी नोंदी आयात करू नका’ हा पर्याय निवडा. वर्गवारीची २७ आणि २९ ही नावे येतील पण त्यांचे रंग येणार नाहीत, कारण रंगांची मुख्य यादी जुन्या फाइलशी बांधलेली असते. वर्गवारीच्या खिडकीत त्या नावांपुढे ‘मुख्य यादीत नाही’ असे दिसेल. तीच दोन नावे तेथे नव्याने जोडून रंग दिले की सर्व संपर्क एकदम रंगीत होतील.

मलप्रभा

निपाणीकर सर, मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे आणि आमच्या शाळेच्या संपर्कांचे काम माझ्याकडे असते. आपल्या व्हीसीएफ फाइलविषयी लिहिते, कारण तिच्याबद्दल वर कोणी बोलले नाही आणि ती टाकून देण्याची घाई होऊ नये.

ती फाइल बिघडलेली नाही. व्हीसीएफ फाइलच्या स्वरूपाला व्हीकार्ड म्हणतात आणि अँड्रॉइड फोन बहुधा त्याच्या २.१ या आवृत्तीत निर्यात करतात. ही आवृत्ती १९९६ ची असून त्या काळी रोमनेतर अक्षरे साध्या मजकुरातून सुखरूप जावीत म्हणून प्रत्येक अक्षर संकेतांत लिहिण्याची पद्धत ठेवली होती. नोटपॅडमध्ये फाइल उघडून नीट पाहा. ज्या नावात ‘=ई०=ए४’ किंवा ‘=ई०=ए५’ अशी जोडी पुन्हा पुन्हा येते ते देवनागरी आहे, आणि जेथे ‘=ई०=बी२’ किंवा ‘=ई०=बी३’ येते ते कन्नड आहे. उदाहरणार्थ ‘=ई०=ए४=बी८’ म्हणजे ‘स’. (हे संकेत फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत व अंकांत असतात, मी येथे देवनागरीत लिहिले आहेत.) म्हणजे प्रत्येक अक्षर तेथे पुरे आहे आणि वाचणारे सॉफ्टवेअर ते उलगडून घेईल. हाताने मात्र त्यात काहीही दुरुस्त करायला जाऊ नका, कारण लांब नावे दोन ओळींत तुटलेली असतात आणि ओळीच्या टोकाचे एक चिन्ह पुसले तरी पुढचे नाव कोसळते.

अडचण दुसरीच आहे. एका व्हीसीएफ फाइलमध्ये अनेक संपर्क असले तर क्लासिक आउटलुक त्यातला फक्त पहिला घेते आणि बाकीच्यांबद्दल काही बोलतही नाही, त्यामुळे काम झाले असा समज होतो. म्हणून ती फाइल गूगल संपर्कांमध्ये चढवा, तेथे एका वेळी ३००० संपर्कांपर्यंतची फाइल चालते. मग तेथून आउटलुकसाठीची सीएसव्ही काढा. ही सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये असल्यामुळे आउटलुक डॉट कॉमच्या संकेतस्थळावर ती नावांसह नीट आयात होते. शहापूरकर दादांच्या गूगलचा असा मध्यस्थ म्हणून उपयोग होतो.

आउटलुकसाठी पैसे मोजायचे नसतील तर थंडरबर्डचाही विचार करावा, आमच्या शाळेत तेच आहे. त्यात मेल, संपर्क आणि कॅलेंडर हे सर्व एका प्रोफाइल फोल्डरमध्ये असते. मदतीच्या मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून तो फोल्डर सापडतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो फोल्डर नव्या संगणकावर ठेवला की अंगणातले तुळशीवृंदावन मातीसकट उचलून दुसऱ्या घरी नेल्यासारखे सर्व जसेच्या तसे मिळते. पण आपण आउटलुकच्या वर्गवारीवर एवढे अवलंबून आहात, तेव्हा केवळ पैसे वाचवण्यासाठी बदल करावा असे मी सुचवणार नाही.

निपाणीकर

दोघांचेही मनापासून आभार. बिल पाहिले, त्यावर ‘होम अँड बिझनेस’ निघाले, त्यामुळे क्लासिक आउटलुक मिळाले. पीएसटीच्या मार्गाने संपर्क पूर्ण आले. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ असलेली नावे मी मुद्दाम तपासली आणि सहायकाने कन्नड नावे वाचून पाहिली, सर्व बरोबर आहेत. वर्गवारीचे रंगही सांगितल्याप्रमाणे दिले.

कॅलेंडर मात्र गोंधळले आहे. जीएसटीच्या दिवसभराच्या नोंदी दोन दोन दिवसांवर पसरल्या आहेत, म्हणजे २० तारखेची नोंद १९ आणि २० या दोन्ही दिवशी दिसते. आणि जुलैमधली सकाळी ११ ची सुनावणी आदल्या दिवशी रात्री साडेदहाला दाखवते आहे. संगणकाच्या कोपऱ्यातले घड्याळ तर अचूक वेळ दाखवते. मग हे कशामुळे? मी एकेक नोंद हाताने सरकवायला घेणार होतो, पण आधी विचारावे असे वाटले.

वडगावचा वाटाड्या

बरे झाले विचारले. एकही नोंद हाताने सरकवू नका. साडेबारा तासांचा फरक सांगतो आहे की नवा संगणक अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर ठेवलेला आहे. नव्याने विंडोज बसवताना तीच वेळ पुष्कळदा आधीपासून निवडलेली असते. दुकानातल्या कोणीतरी वेळेचा विभाग (टाइम झोन) न बदलता फक्त काटे हाताने पुढे केले असतील, म्हणून घड्याळ बरोबर दिसते आणि कॅलेंडर चुकते.

आउटलुक प्रत्येक वेळ जागतिक वेळेत साठवते आणि दाखवताना संगणकाच्या विभागाप्रमाणे बदलून दाखवते. दिवसभराची नोंद म्हणजेही त्याच्या लेखी एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंतचा काळ. भारतातली मध्यरात्र जुलैमध्ये पॅसिफिक विभागात आदल्या दिवशीची सकाळची साडेअकरा असते, त्यामुळे नोंद दोन दिवसांवर सांडते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ या भागात जाऊन विभाग ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हा, म्हणजे अधिक ५:३० चा, निवडा, वेळ आपोआप ठरवण्याचा पर्याय चालू करा, आणि आउटलुक बंद करून पुन्हा उघडा. मूळ नोंदी जागतिक वेळेत बरोबरच असल्यामुळे त्या आपापल्या जागी येतील. मधल्या काळात नव्या संगणकावर काही नोंदी केल्या असतील तर तेवढ्याच तपासाव्या लागतील, कारण त्या चुकीच्या विभागात लिहिल्या गेल्या आहेत.

याच निमित्ताने एक गोष्ट पाहून घ्या. व्यापारी अशिलांसाठी गुढीपाडवा, दिवाळी पाडवा अशा दिवसांच्या शुभेच्छांची नोंद बरेच जण ‘दरवर्षी याच तारखेला’ अशी करून ठेवतात. सण तिथीने येतात. गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता आणि २०२६ मध्ये १९ मार्चला, तेव्हा असली नोंद इमानेइतबारे नव्या संगणकावर येईल आणि चुकीच्या दिवशी आठवण करून देत राहील. अशा नोंदी काढून टाका आणि सणांचे तयार कॅलेंडर जोडून घ्या.

सीमेपलीकडचा

मी गडहिंग्लजचा. संपर्क सुखरूप पोहोचले हे वाचून आनंद झाला, पण ते फोनवर नेण्याआधी क्रमांक एकदा तपासावेत असे सुचवतो. आपल्या सीमाभागात एक जुनी सवय आहे. पूर्वी कर्नाटकातल्या फोनवरून महाराष्ट्रातला मोबाइल लावायचा तर आधी शून्य लावावे लागे, कारण पलीकडचे दूरसंचार मंडळ वेगळे. तिकडून इकडे लावतानाही तसेच. त्यामुळे जुन्या याद्यांत एकाच माणसाचा क्रमांक एकदा शून्यासह, एकदा नुसता दहा अंकी आणि फोनमधून आलेला तिसऱ्यांदा अधिक ९१ लावून असा सापडतो. बेळगावचे स्थानिक दूरध्वनीही ०८३१ शिवाय लिहिलेले असतात आणि कोल्हापूरचे ०२३१ शिवाय, म्हणजे लावायचे कोठे हेच कळत नाही. दोन संगणकांचे आणि फोनचे संपर्क एकत्र केले की या सर्व नोंदी वेगवेगळ्या माणसांच्या असल्यासारख्या ओळीने उभ्या राहतात. एकत्र करण्यापूर्वी सर्व मोबाइल क्रमांक अधिक ९१ आणि दहा अंक अशा एकाच रूपात आणावेत, मग गूगलमधली ‘एकत्र करा व दुरुस्त करा’ ही सोय चांगले काम करते. निकाल पसंत पडला नाही तर तेथे ३० दिवसांपर्यंत मागच्या स्थितीला परत जाता येते.

हे काम एक्सेलमध्ये करणार असाल तर फाइल दुहेरी क्लिक करून कदापि उघडू नका. एक्सेल क्रमांकाला संख्या समजते, त्यामुळे सुरुवातीचे शून्य आणि अधिकचे चिन्ह उडते आणि ९१ सह बारा अंक असले की ते ‘९.१९ई+११’ अशा रूपात आखडून दाखवते. त्या रूपात फाइल सीएसव्ही म्हणून जतन झाली की शेवटचे अंक कायमचे गेले. डेटा मेनूतील ‘मजकूर किंवा सीएसव्हीमधून’ या वाटेने आत जा, संकेतन ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ठेवा आणि ‘प्रकार ओळखू नका’ हे निवडा.

पत्त्यांचेही तेच. बेळगाव शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, त्यामुळे जुन्या संपर्कांत रोमनमधले जुने रूप आणि नव्यांत नवे असते, आणि शहराच्या नावावरून शोध घेतला तर अर्धीच यादी येते. ते एकदा एकसारखे करून ठेवा, नाहीतर पत्रव्यवहाराची लेबले काढताना निम्मे अशील वगळले जातील.

निपाणीकर

वेळेचा विभाग बदलताच सर्व नोंदी जागेवर आल्या. शून्याचा मुद्दाही तंतोतंत लागू पडतो, आमच्याकडे असे शेकडो क्रमांक आहेत.

दोन शंका राहिल्या. एक, हे संपर्क माझ्या फोनवर आपोआप यावेत असे वाटते, पण खाते पीओपी आहे. दुसरी, काही संपर्कांच्या टिपणाच्या चौकटीत, जेथे सहायकाने पूर्वी कन्नडमध्ये कार्यालयाचा पत्ता लिहिला होता, तेथे आता रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसते. नावे बरोबर आली आणि टिपणे बिघडली, हे कसे?

मलप्रभा

सर, टिपणांचे आधी सांगते. तो मजकूर जुन्या नुडीमध्ये किंवा तशाच एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार. नुडी हे कन्नड गणक परिषदेचे सॉफ्टवेअर, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांत व डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे तेच चालत आले, जसे मराठीसाठी श्रीलिपी किंवा आकृती. त्यांच्या जुन्या पद्धतीत अक्षर युनिकोडमध्ये साठत नाही. आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि फॉन्ट त्यांवर कन्नडचे रूप चढवतो. नावाच्या चौकटीत फॉन्ट बदलता येत नाही, म्हणून तेथे सहायकाला युनिकोडच वापरावे लागले. टिपणाच्या चौकटीत फॉन्ट निवडता येतो, म्हणून तेथे जुनी सवय चालली. नव्या संगणकावर तो फॉन्ट नाही एवढेच झाले आहे. जुन्या संगणकावरचा फॉन्ट येथे बसवा, मजकूर लगेच वाचता येईल, आणि मग परिवर्तकातून (कन्व्हर्टर) तो युनिकोडमध्ये आणा, कारण फोनवर तो फॉन्ट कधीच नसेल. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि अर्कावत्तू (कन्नडमधला रफार) एकदा डोळ्यांखालून घाला, तेथे चुका राहतात.

वडगावचा वाटाड्या

फोनच्या शंकेविषयी. पीओपी फक्त मेल उतरवते, संपर्क आणि कॅलेंडर यांच्याशी तिचा संबंध नाही. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवण्याच्या पद्धतीचे) खाते केले तरी क्लासिक आउटलुकमध्ये हे दोन्ही फोल्डर ‘फक्त या संगणकावर’ अशा शिक्क्यानेच राहतात. जीमेलचे खाते जोडले तरी तेच, मेल येते पण गूगलचे संपर्क येत नाहीत. म्हणून आउटलुक डॉट कॉमचे एक खाते काढून ते क्लासिक आउटलुकमध्ये जोडा. त्या खात्याखाली संपर्क आणि कॅलेंडर असे स्वतंत्र फोल्डर दिसतील. आयात केलेल्या नोंदी निवडून त्यांत हलवण्याऐवजी नक्कल करून ठेवा, म्हणजे मूळ प्रत पीएसटीत राहील. मग फोनवर आउटलुकचे ॲप टाकून त्याच खात्याने आत जा आणि ॲपच्या सेटिंग्जमध्ये संपर्क समक्रमण (सिंक) चालू करा, म्हणजे फोन वाजला की नाव देवनागरीतच दिसेल. सुरुवातीला २७ वर्गवारीचे संपर्क तेवढे नेऊन पाहा, ते नीट उतरले की २९ चे न्या.

जुन्या संगणकाची डिस्क मात्र येत्या मार्चचे विवरण भरून होईपर्यंत पुसू नका. वर्षातून एकदाच लागणाऱ्या नोंदी तेव्हाच आठवतात.


निपाणीकर

आधी २७ चे नेले, सर्व उतरले. आज संध्याकाळी २९ चे नेतो. सहायकाने जुन्या संगणकावरून नुडीचा फॉन्ट काढून घेतला आहे आणि टिपणे वाचता येऊ लागली आहेत, परिवर्तनाचे काम तो सवडीने करील.